मार कुणाचा, बिल कुणाच्या नावावर

सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींचा एक ठरलेला वाद आहे. पेपरात 'अल्पवयीन मुलाने कोयत्याने वार केला' अशी बातमी आली, की दुसरी फेरी संपायच्या आत कुणीतरी विचारतं, "कुठल्या वस्तीतला?" वय विचारत नाहीत, शाळा विचारत नाहीत, भांडण कशावरून झालं तेही नाही. उत्तरात सेटलमेंटचं, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या जुन्या वसाहतीचं, नाव आलं तर विषय तिथंच मिटतो. एखाद्या बऱ्या समजल्या जाणाऱ्या भागाचं नाव आलं, तर मात्र चर्चा लांबते: मोबाईल, रील्स, संगत, आईवडिलांची धावपळ, पोराचं करिअर. या मंडळींना उत्तर देणारा दुसरा एक गट आहे आणि मी बरीच वर्षं त्यातच होतो. आमचं म्हणणं असं, की गुन्ह्याला जात नसते, गरिबी असते. त्या वस्त्यांतल्या घरांत काय चालतं हे चव्हाट्यावर बोलू नये, आधीच बदनाम असलेल्यांची आणखी बदनामी कशाला?

आता मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. पहिली बाजू मुलाच्या पाठीवरचे वळ न बघता त्याचं आडनाव बघते. दुसरी बाजू आडनाव झाकायच्या नादात वळही झाकते. लहानपणी सोसलेला मार, उपासमार, हेळसांड आणि पुढे हातून घडणारा गुन्हा यांचा संबंध खरा आहे, आणि तो सगळ्या जातीजमातींत खरा आहे. मार जात बघून पडत नाही. जात बघितली जाते ती नंतर, म्हणजे कुणाच्या मुलाला सावरून घ्यायचं आणि कुणाच्या मुलाला नोंदवून घ्यायचं हे ठरवताना. सोलापूरसारख्या गावाला तर हे सांगायची वेळच यायला नको होती, कारण या नोंदवहीचा एक मोठा खंड इथंच लिहिला गेला.

आधी माराचं बघू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसलेला होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे हात आईवडिलांचेच होते. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं, म्हणजे त्या हिशेबात आम्ही मास्तर लोकही आलो. तिघांत दोघं, हे प्रमाण एका वस्तीत, एका जातीत मावणारं आहे का? अमेरिकेत नव्वदच्या दशकात सॅन दिएगोच्या सतरा हजारांवर माणसांना त्यांचं बालपण विचारलं गेलं. ही माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, आरोग्य विमा असलेली होती. त्यांच्यातल्याही जवळपास दोन तृतीयांश लोकांनी मारहाण, लैंगिक छळ, दारुड्या बाप, आईला होणारी मारझोड यांतलं निदान एक तरी सांगितलं. वकिलाच्या बंगल्यातला पट्टा आणि झोपडीतला पट्टा यांत फरक इतकाच, की बंगल्याच्या भिंतीतून आवाज बाहेर येत नाही.

यावर आमच्या फेरीतले एक निवृत्त बँकवाले नेहमी एक मुद्दा काढतात, आणि तो वजनदार आहे. "आम्ही काय कमी मार खाल्ला? आम्ही कुठं कोयता काढला?" कॅथी विडम या संशोधक बाईंनी १९८९ साली याच प्रश्नाला हात घातला होता. छळाची किंवा हेळसांडीची कोर्टात नोंद झालेली ९०८ मुलं त्यांनी घेतली, आणि त्याच वयाची, त्याच वंशाची, साधारण तशाच परिस्थितीतली पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं शेजारी ठेवली. पहिल्या गटातल्या २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली, दुसऱ्यातल्या १७ टक्के. बँकवाले बरोबर आहेत, शंभरातली चौऱ्याहत्तर मुलं मार खाऊनही निभावली. पण सतराचे सव्वीस झाले, ती वरची नऊ मुलं कुणाची? बिड्या ओढणाऱ्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना कॅन्सर होत नाही, म्हणून बिडीला कुणी टॉनिक म्हणत नाही. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. अंगाला कुणी हात लावला नाही, पण जेवलास का, कुठं होतास, असंही कुणी विचारलं नाही, अशा मुलांतही पुढे हिंसक गुन्ह्याचं प्रमाण वाढलेलं होतं.

हे वाचताना मला आमचा पूर्व भाग आठवतो. पहाटे चूल पेटवून सुपापुढे बसलेली बाई, मान खाली, मांडीवर पानं, तंबाखू, धागा. दिवसाला हजार विड्या वळल्या तर मजुरी, आणि त्यातल्याही काही कारखान्यात वाईट म्हणून बाजूला काढल्या जाणार. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला. पोरगं शाळेतून येऊन ओट्यावर बसतं, मग ओट्यावरून गल्लीत, गल्लीतून चौकात. ही हेळसांड आहे का? मुलाच्या बाजूने बघितलं तर आहे. मग गुन्हेगार ती बाई का? तिने सूप बाजूला ठेवून पोराचा अभ्यास घेतला असता, तर संध्याकाळी त्याला काय खाऊ घातलं असतं? ही घरं तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, मराठी, दखनी बोलणारी, सगळी आहेत. हेळसांड तिथं पाळीच्या घड्याळातून येते, जातीतून येत नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात अवघड मुद्दा. विडम बाईंच्या त्याच मुलांचा पुढे माग काढला गेला, आणि १९९६ साली आलेल्या निष्कर्षात एक खटकणारी गोष्ट होती. छळ झालेल्या काळ्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण त्यांच्या जोडीच्या मुलांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. गोऱ्या मुलांत तो फरक दिसेना. झालं, काहींना हवं ते मिळालं: बघा, मार सगळेच खातात, पण काही वंशांना तो बाधतो. आपल्याकडेही सभ्य भाषेत हेच म्हटलं जातं. रक्त म्हणायची चोरी झाली म्हणून आता 'संस्कार' म्हणतात, एवढंच. पण त्या अभ्यासात मोजली होती ती अटक. अटक व्हायला गुन्हा लागतो तसा पोलीसही लागतो, आणि तो कुठल्या रस्त्यावर उभा आहे यावर बरंच अवलंबून असतं. तिथल्याच दुसऱ्या पाहण्यांत मुलांना थेट विचारलं, की बाबा तू काय काय केलंस, तेव्हा काळ्या-गोऱ्यांतलं अंतर अटकेच्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी निघालं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात हजार मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. वंश, गरिबी, घरची रचना हे सगळं हिशेबातून वजा करूनही छळाचा परिणाम शिल्लक राहिला. त्यातून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फक्त लहानपणी झालेल्या छळापेक्षा ऐन पौगंडावस्थेतला छळ गुन्ह्याकडे जास्त ढकलतो. आता सांगा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याकडे सगळ्यात जास्त मार कोण देतं? बापाचा हात तोवर आखडलेला असतो, पोर खांद्याला लागलेलं असतं. गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आली, की ज्या मुलांना 'चौकशीसाठी' नेऊन बसवलं जातं, त्यांचं वय हेच असतं.

इथं सोलापूरचा इतिहास काढावाच लागतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला आणखी एक अधिकार मिळाला: या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवायची. कारण काय, तर आईबाप बिघडवतील. मुंबई इलाख्यातली एक मोठी वसाहत आपल्या गावात होती. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट अशी कुटुंबं काटेरी तारेच्या आत, ठरलेल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल नाही, आणि मोठ्यांना गिरणीत काम. तिथं शाळा होती, नियमित पगार होता, काही घरांत पहिलं अक्षर तिथंच आलं. हे नाकारण्यात अर्थ नाही, तिथले जुने लोकही ते सांगतात. पण रोज हजेरीला बाप मान खाली घालून उभा राहतो हे बघत वाढणं, ही मुलाची हेळसांड नाही तर काय आहे? फरक इतकाच, की ती करणारा कायदा होता. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. सोलापूरची तार नेहरूंनी तोडली, ही आठवण सेटलमेंटमध्ये आजही अभिमानाने सांगतात. पुढे १९५९ साली राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमात कागदावरून गेली आणि 'सराईत' आला, पण पोलिसांचा रस्ता त्याच वस्तीकडे जात राहिला. गिरण्या बंद पडल्या, तार जाऊन पिढ्या उलटल्या, आणि पत्त्यात मात्र अजून 'सेटलमेंट' लिहावं लागतं. नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिताना मुलाचं पेन क्षणभर थांबतं. मी बघितलंय.

मुलांना 'त्यांच्या भल्यासाठी' आईबापांपासून तोडण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियातही झाला, तिथल्या मूळ रहिवाशांवर. कोठडीत मेलेल्या ९९ आदिवासी माणसांची चौकशी तिथल्या रॉयल कमिशनने १९९१ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्यातली ४३ माणसं लहानपणी घरापासून तोडलेली निघाली. ज्यांना गुन्ह्यापासून वाचवायला म्हणून नेलं होतं, तीच कोठडीत मेली. २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. आपल्याकडे भटक्या आणि विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, नंतर इदाते आयोगाने दिला. बाळकृष्ण रेणके तर आपल्या सोलापूरचे. होम मैदानावर मी एकदा त्यांचं नाव काढलं, तर दोघांना ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवरून कामं वाटण्याची कलमं रद्द केली आणि विमुक्तांना मनमानीने पकडू नका असंही बजावलं. आमच्या फेरीत तो निकाल विषय म्हणूनसुद्धा आला नाही.

माझ्या जुन्या गटाला न आवडणारी गोष्टही बोलली पाहिजे. सेटलमेंटमधल्या सगळ्याच केसेस खोट्या नाहीत. काही घरांत चोरीवर चूल पेटते आणि पोराला त्यात उतरवलं जातं. काही घरांत दारू आहे आणि दारूबरोबर येणारं सगळं आहे. काही जमातींत जातपंचायतीची दहशत बायकापोरांवर आहे, आणि ती सांगायला त्याच जमातीतली तरुण पोरं पुढे आली, आम्ही पुरोगामी नव्हे. वार ज्याच्या पोटावर झाला, त्याच्या आईला आमच्या इतिहासाशी काय घेणंदेणं? या सगळ्यावर गप्प बसून आम्ही कुणाची इभ्रत राखली? समाजाची असेल, पण रात्री मार खाणारं पोर त्याच समाजातलं होतं. शेजारच्या ब्राह्मणाच्या किंवा मराठ्याच्या घरात पोराला तोडून मारलं तर त्याला क्रूरपणा म्हणायचं, आणि पारध्याच्या झोपडीत मारलं तर 'त्यांच्यात चालतं' म्हणून सोडून द्यायचं, ही सहानुभूती नव्हे. ज्याला वस्ती विचारल्यावर सगळं कळतं, त्याच्याइतकाच हा मनुष्य त्या पोराला वेगळ्या मापाने मोजतो.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. काही तासांत जामीन झाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, यावर सगळा महाराष्ट्र भडकला. मीही भडकलो. दोन जीव गेल्यावर निबंध ही थट्टाच होती, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण निघालं त्याने तर हद्द झाली. पण त्या रागात एक चुकीची मागणी मिसळली: अल्पवयीन कायदाच मऊ आहे, तो कडक करा. आता कडक केलेला कायदा कुणाच्या पाठीवर बसतो, हे सोलापूरकरांना कुणी शिकवायला हवं का? २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम १२ सांगतं, की मूल असेल तर जामीनदार असो वा नसो, ठराविक अपवाद सोडून त्याला सोडा. हे कलम पोर्शेवाल्यासाठी वाचलं गेलं. मोबाईल चोरीच्या संशयावरून आणलेल्या, घरच्यांनी वकील न दिलेल्या पोरासाठी ते किती वेळा मोठ्याने वाचलं जातं? मऊ कायदा श्रीमंताला मिळाला याचा राग असेल, तर तो मऊपणा दुसऱ्यालाही मिळाला पाहिजे असं का नाही म्हणायचं?

त्याच कायद्यात दोन दारं आहेत. मूल पीडित असेल तर बालकल्याण समिती, मुलाने गुन्हा केला असेल तर बालन्याय मंडळ. प्रत्यक्षात एकच पोर दोन्ही असतं. सोलापूर स्टेशनच्या फलाटावर घरातून पळून आलेलं पोर आधी चाइल्ड हेल्पलाइनच्या माणसाला भेटलं तर ते पीडित, आणि कुणाच्या तरी खिशात हात घालताना पोलिसाला दिसलं तर 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. वळ तेच, पोटातली भूक तीच, मधे एखाद तासाचं अंतर. मंडळासमोर आलेल्या अशा मुलाचा विषय समितीकडे सोपवायचा अधिकार कलम ८ ने मंडळाला दिलेला आहे. पोराला गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्या माणसासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. नवीन काही करायला नको, आहे ते वाचा. आणि फक्त धाडीच घालायच्या हा एकच मार्ग आहे असंही नाही. याच जिल्ह्यात २०२१ साली पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारखी हातभट्टीसाठी ओळखली जाणारी गावं अधिकाऱ्यांकडे दत्तक दिली, धाडींबरोबर दुसऱ्या कामधंद्याची सोय लावायचा प्रयत्न केला. ज्या घरातली भट्टी विझते, त्या घरातलं पोर रात्री कॅन उचलायला उठत नाही, एवढं तरी त्यातून समजायला हरकत नाही.

हे सगळं मी आज शहाणा होऊन लिहितोय. सातवीच्या वर्गात एकदा कंपासपेटी हरवली. वर्गातल्या चव्वेचाळीस मुलांनी एकाच बाकाकडे बघितलं, आणि त्यांच्या आधी मी बघितलं होतं. तो मुलगा सेटलमेंटचा. दप्तर उलटं केलं, त्यात पेटी नव्हती, एक अर्धी भाकरी होती कागदात. तरी मी त्याच्या तळहातावर लाकडी पट्टी ओढली, चार वेळा. शिक्षणहक्क कायदा येऊन दोन वर्षं झाली होती, मारणं बेकायदा आहे हे मला ठाऊक होतं. पेटी शेवटपर्यंत सापडली नाही. दिवाळीनंतर मुलगा शाळेत आला नाही.

चार वर्षांनी त्याची आई दारात आली. पोराला पकडलंय, साहेब घरची माहिती विचारत्यात, मला लिहिता येत नाही, तुम्ही चला. कार्यालयात परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी मुलाच्या घरची चौकशी करणारे, होते, तरुण आणि सभ्य. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. अहवालाचा छापील नमुना असतो, त्यात रकाने. घरातल्या कुणावर गुन्हा आहे का? ती बोटं मोजू लागली: सासरा, मोठा दीर, नवऱ्यावर दोन, त्यातली एक सुटली. तो रकाना भरून खाली ओघळला. मग कितीतरी प्रश्नांनंतर, मुलाला कधी मारहाण, छळ झाला आहे का, कुणाकडून? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मारत्यात की साहेब. कुनाच्या घरी मारत न्हाईत?" अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहिलं, 'नाही'. मी शेजारीच बसलो होतो. त्या रकान्यात आईबापांखेरीज आणखी कुणाकुणाची नावं छापली होती, ते वाचायला मी वाकलो नाही.